टर्बो बदलायच्या आधी तो डबा काढा

केज तालुक्यातल्या एका पिकअपवाल्या भावाचा प्रश्न आलाय. गाडी २०१८ ची, बीएस-४ कॉमन रेल डिझेल, दीड वर्षापूर्वी सेकंडहँड घेतलेली. आधीच्या मालकानं हौसेनं बरंच काही करून ठेवलंय: ट्युनिंग बॉक्स (ताकद वाढवायचा डबा), इंटरकूलरला (टर्बोची तापलेली हवा थंड करणाऱ्या जाळीला) निळे सिलिकॉन होज, कोनवाला एअर फिल्टर, ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात फिरवणारी यंत्रणा) बंद करायला पत्री मारलेली, मागं स्प्रिंगचे दोन पाटे जादा, समोर एलईडी बार आणि कुत्रं गाव सोडून पळेल असा हॉर्न. रिकामी गाडी पळते. पण बीडहून सरकी पेंड भरून निघालं की मांजरसुंब्याच्या घाटात पिवळा लाईट लागतो आणि, त्यांच्याच शब्दांत, ‘गाडी दोन हजाराच्या वर रेसच घेईना, बंद करून चालू केली की परत नीट.’ स्कॅनरवर तीन कोड आले: पी०२९९, पी०४०१ आणि पी००८७. एक फिटर म्हणतो टर्बो (इंजिनात दाबानं हवा भरणारा पंखा) गेला, दुसरा म्हणतो डिझेलचा पंप गेला, तिसरा म्हणतो पाचशे द्या, कोड उडवून देतो. आता ऐकायचं कुणाचं?

निदान पुढचे आठ दिवस तिघांचंही ऐकू नका. आणि तिसऱ्याचं तर अजिबातच नाही.

मी लातूरला डिझेलचंच काम करतो. सुरुवात पंप-नोझलच्या गाड्यांवर झाली, तेव्हा स्कॅनर म्हणजे आपला कान आणि सायलेन्सरचा धूर. कॉमन रेल आल्यावर नव्यानं शिकावं लागलं, त्यात चुकाही केल्या. त्यातली एक पुढं सांगतोच.

कोड म्हणजे काय, हे आधी नीट समजून घ्या. गाडीच्या ईसीएमला, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरला, टर्बो दिसत नाही की पंप दिसत नाही. त्याला दिसतात फक्त सेन्सरकडून येणारे व्होल्ट. त्यावरून तो आकडा काढतो आणि कंपनीनं पोटात भरून दिलेल्या तक्त्याशी ताडून बघतो. फरक ठरावीक हद्दीबाहेर गेला आणि ठरावीक वेळ टिकला की तक्रार नोंदवतो, लाईट लावतो आणि इंजिन वाचवायला ताकद कमी करतो. तुमची गाडी घाटात ‘मरते’ ती यामुळं. चावी बंद करून चालू केली की तो नव्यानं मोजायला लागतो, म्हणून गाडी परत नीट वाटते. पी०२९९ चा अर्थ एवढाच, की जितका हवेचा दाब मागितला तितका मिळाला नाही. का मिळाला नाही, ते त्याला ठाऊक नसतं. पोटात दुखतंय म्हणणाऱ्या माणसाचं लगेच अपेंडिक्स काढत नाहीत, त्यातला प्रकार आहे.

तुमची खरी अडचण याच्याही अलीकडची आहे. ईसीएमचा तक्ता कंपनीतून निघालेल्या गाडीसाठी लिहिलेला आहे, आणि तुमची गाडी आता ती राहिलेली नाही. त्यामुळं तीन कोडांपैकी काही खऱ्या बिघाडाचे असतील, काही आधीच्या मालकाच्या कारागिरीचे. आधी ती वाटणी करायची, खिसा त्यानंतर.

सोपा कोड आधी उरकू. पी०४०१ म्हणजे ईजीआरमधून धूर पुरेसा फिरत नाही. तुमच्या ईजीआरला पत्रीच मारलेली आहे, मग फिरेल कुठून? बऱ्याच गाड्यांत ईसीएम हे आत येणारी हवा मोजणाऱ्या एअरफ्लो सेन्सरवरून ओळखतो: ईजीआर उघडला की आत येणारी ताजी हवा कमी व्हायला पाहिजे, ती झाली नाही म्हणजे गडबड. पत्री काढा, व्हॉल्व्ह साफ करा, हा कोड बहुधा तिथंच संपेल. ‘पत्री काढली तर ताकद जाईल’ असं कुणी सांगेल. पूर्ण रेसवर ईजीआर तसाही बंदच असतो, त्यामुळं घाटातल्या ताकदीशी पत्रीचा संबंध नाही. शिवाय धूर कमी करणारी यंत्रणा बंद करून गाडी रस्त्यावर चालवणं कायद्यात बसत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत परस्पर बदल करायलाच मनाई करतं.

आता मुख्य गोष्ट, तो डबा. ट्युनिंग बॉक्स विकणारे ‘पॉवर वाढते’ एवढंच सांगतात. बहुतेक स्वस्त डबे काय करतात ते ऐका. रेल म्हणजे सगळ्या नोझलांना दाबानं डिझेल पुरवणारी जाड नळी. तिच्यावर डिझेलचा दाब मोजणारा सेन्सर असतो. त्याचा सिग्नल साधारण अर्ध्या ते साडेचार व्होल्टच्या दरम्यान खेळतो. डबा सेन्सर आणि ईसीएमच्या मधे बसतो आणि खरा आकडा थोडा कमी करून पुढं पाठवतो. ईसीएमला वाटतं दाब कमी पडतोय, तो पंपाला आणखी दाबायला लावतो. नोझल उघडी राहायची वेळ तीच, पण दाब जास्त, म्हणून डिझेल जास्त, म्हणून ताकद जास्त. म्हणजे ईसीएमशी खोटं बोलूनच सगळं काम चालतं.

याचा तुमच्या तपासणीवर परिणाम असा, की डबा लावलेला असताना स्कॅनरवर दिसणारा रेल प्रेशरचा आकडाच खोटा असतो. स्कॅनर म्हणेल १३५० बार, खरा असेल १५००. अशा आकड्यावरून ‘पंप गेला’ म्हणणारा फिटर चुकणारच. आणि पंप बरोबर असतानाही पी००८७, म्हणजे रेलमध्ये दाब कमी, हा कोड का येतो तेही यातच आहे. बऱ्याच इंजिनांत रेलच्या टोकाला प्रेशर रिलीफ व्हॉल्व्ह असतो. दाब हद्दीबाहेर गेला की तो उघडतो आणि डिझेल रिटर्नला, म्हणजे टाकीकडं परत जाणाऱ्या पाईपात, सोडून देतो. भरलेली गाडी, घाट, पूर्ण रेस, त्यात डब्यानं चढवलेला दाब. व्हॉल्व्ह उघडला की रेलमधला दाब धाडकन खाली, कोड हजर. हा व्हॉल्व्ह एक-दोनदा असा उघडला की पुष्कळदा नंतर घट्ट बसत नाही, थोडा थोडा गळत राहतो. मग रिकाम्या गाडीत काही कळत नाही आणि ओझं आलं की दम जातो. तुमची लक्षणं यात चपखल बसतात. पण गाडी बघितल्याशिवाय मी शपथेवर सांगणार नाही, कारण चोकअप डिझेल फिल्टरही हुबेहूब हेच दाखवतो.

म्हणून पहिलं काम बिनपैशाचं. डबा काढा, सेन्सरचा मूळ कपलर (वायर जोडायचा प्लग) मूळ जागी लावा. लावताना कपलरच्या आतल्या पिना बघा. डब्याच्या कपलरनं त्या फाकलेल्या असतात, कधी हिरवट गंज धरलेला असतो. ‘टक्’ आवाज करून लॉक बसलं पाहिजे. केबल टायनं आवळलेला कपलर म्हणजे पुढच्या बिघाडाची आगाऊ तारीख.

पण डबा काढायच्याही आधी स्कॅनरवर फ्रीझ फ्रेम उघडून तिचा मोबाईलवर फोटो काढा. ज्या क्षणी कोड नोंदला गेला, त्या क्षणी आरपीएम किती होता, लोड किती, वेग किती, पाणी किती गरम, हे ईसीएम साठवून ठेवतो. तपासणीतला हाच सगळ्यात मोलाचा कागद, आणि कोड उडवला की तो पुसला जातो. पाचशे रुपये घेऊन कोड उडवणारा तुमच्याकडून पैसे घेऊन पुरावा जाळतोय. फ्रीझ फ्रेममध्ये २२०० आरपीएम, लोड ९५ टक्के असं असेल तर घाटातलीच गोष्ट आहे. आयडलला कोड नोंदलेला दिसला तर माझा अर्धा तर्क बाद, मग वायर आणि सेन्सरकडं आधी बघावं लागेल.

हजार रुपयांच्या आतबाहेर मिळणाऱ्या ब्लूटूथ डोंगलवर काय काय दिसेल, ते गाडीवर अवलंबून आहे. ज्या कोडात ‘पी’नंतर शून्य असतो ते सगळ्या कंपन्यांना सारखे, ते बहुधा दिसतात. ‘पी’नंतर एक असेल तर तो कंपनीचा स्वतःचा, त्याचा अर्थ भलत्याच गाडीच्या यादीत शोधून काढू नका. मागितलेला रेल प्रेशर आणि मिळालेला रेल प्रेशर शेजारी शेजारी बघायचे असतील तर चांगला स्कॅनर असलेल्या गॅरेजलाच जावं लागेल.

डबा निघाला की वायरिंग. एलईडी बार, हॉर्न आणि टेप कुठून ओढलाय ते बघा. बॅटरीवरून फ्यूज आणि रिले घालून ओढला असेल तर ठीक. चालू वायर सोलून, पीळ देऊन, टेप गुंडाळलेली असेल तर ते आधी काढा. बॅटरी रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास, इंजिन चालू असताना साधारण १४ व्होल्ट दाखवायला पाहिजे. मग आर्थिंग: मल्टिमीटरची एक वायर बॅटरीच्या मायनसच्या खुंटीला, दुसरी इंजिनच्या ब्लॉकला, आणि दुसऱ्या माणसाला सेल मारायला सांगा. सेल फिरताना अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर आर्थची पट्टी खराब. आपल्याकडं हौद्याला अँगल लावून उंची वाढवतात, तेव्हा वेल्डिंगवाला बॅटरीची वायर काढत नाही आणि आर्थ मिळेल तिथं चिकटवतो. त्यात ईसीएमला धक्का बसलेल्या गाड्या माझ्याकडं आल्यात. आर्थच्या बोल्टखाली रंग मारलेल्या तर कितीतरी. एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच कोड एकदम आले तर माझा हात आधी मीटरकडं जातो.

आता पी०२९९, म्हणजे हवा. इथं माझी चूक सांगतो. सात-आठ वर्षांपूर्वी औशाकडचा एक गाडीवाला हाच कोड घेऊन आला. टर्बोच्या ॲक्च्युएटरचा, म्हणजे टर्बोचा दाब कमी-जास्त करणाऱ्या भागाचा, रॉड हलत नव्हता. मी म्हणालो टर्बो गेला, त्यानं विश्वास ठेवला, टर्बो बदलला. तिसऱ्या दिवशी तोच कोड, तोच माणूस. मग एक दुपार घालवून तो रॉड ओढणाऱ्या व्हॅक्यूमचा पाईप टोकापासून टोकापर्यंत हातानं चाचपत गेलो. बॅटरीच्या ट्रेमागं उंदरानं कुरतडलेला, सुईच्या टोकाएवढं भोक. पाच-सहा इंचाचा रबरी पाईप. मजुरी परत केली, टर्बोचे पैसे मात्र त्याचे गेले ते गेलेच. अजून रस्त्यात दिसला की नमस्कार मी आधी घालतो.

तेव्हापासून माझा क्रम ठरलाय. चावी ऑन, इंजिन बंद, आणि मॅनिफोल्ड प्रेशर सेन्सर (इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणारा) काय म्हणतो ते बघायचं. इंजिन बंद असताना तिथं बाहेरच्या हवेचाच दाब असणार. समुद्रकाठी तो १०१ किलोपास्कल असतो, आपल्या बीड-लातूरच्या उंचीवर ९४-९५ च्या आसपास. इथंच ८० किंवा ११५ दिसलं तर सेन्सर किंवा त्याची वायर खोटं बोलतेय, टर्बोला हात लावायची गरज नाही. आकडा बरोबर आला की पुढं.

पुढं म्हणजे तुमचे निळे होज. बोनेट उघडून, धुण्याच्या आधी, टॉर्च घेऊन प्रत्येक क्लॅम्पपाशी बघा. टर्बोच्या हवेत तेलाची थोडी वाफ असते. जिथून हवा निसटते तिथं तेलकट डाग पडतो आणि त्यावर आपली काळी माती बसते. होजच्या तोंडापाशी पंख्यासारखी पसरलेली काळपट रेघ दिसली की सापडलं समजा. सर्व्हिसिंगच्या आधी गाडी वॉशिंगला घालू नका असं मी गिऱ्हाइकांना सांगतो ते याच्यासाठी, पण ऐकतं कोण. होज हातानं दाबून बघा. तेल मुरून आतून थर सुटलेला होज लिबलिबीत लागतो. असा होज आयडलला गळत नाही, ओझ्यावर फुग्यासारखा फुगतो आणि क्लॅम्पमधून सरकतो. खात्री करायची तर टर्बोच्या आत जाणाऱ्या बाजूचं तोंड बंद करून कंप्रेसरनं हळूहळू हवा भरायची, अर्धा बार पुष्कळ झाला, आणि जोडांवर साबणाचं पाणी मारायचं. पंक्चरवाला ट्यूब बघतो तसं. इंटरकूलरच्या खालच्या कडेलाही मारा, दगड तिथंच लागतो.

ॲक्च्युएटर व्हॅक्यूमवाला असेल तर हातपंपानं व्हॅक्यूम द्या. रॉड ओढला गेला पाहिजे आणि मिनिटभर तिथंच थांबला पाहिजे. साध्या वेस्टगेटच्या, म्हणजे जादा धूर बाजूनं सोडणाऱ्या झडपेच्या, टर्बोला उलट हवेच्या दाबानं तपासतात. तुमच्या गाडीला कोणता आहे ते बघून ठरवा.

कोनचा फिल्टर उतरवा आणि एअर फिल्टरचा कंपनीचा जुना डबा, कागदी फिल्टर परत बसवा. पावसाळी प्रदेशात तो चालत असेल कदाचित. इथं ऑक्टोबरात सोयाबीनच्या राशी चालू असतात, जिनिंगपाशी तासभर गाडी उभी राहिली तरी रुईची तुसं बसतात, आणि एप्रिलमध्ये ४२ अंश उन्हात तो उघडा फिल्टर बोनेटमधली तापलेली हवाच ओढतो. वरून त्याला लावलेलं तेल एअरफ्लो सेन्सरच्या तारेवर जाऊन बसतं. मग सेन्सर हवा कमी सांगतो आणि ईसीएम डिझेल आखडतं घेतो. ती तार फडक्यानं पुसायची नाही, कंप्रेसरची हवाही मारायची नाही. त्याचा वेगळा स्प्रे मिळतो, तो मारून वाळू द्यायची.

राहिलं डिझेल. फिल्टर कधी बदलला माहीत नसेल तर बदलूनच टाका, आणि जुना फेकू नका. परातीत उलटा करून काय पडतं ते बघा. पाणी, तांबूस गंज, की काळा चिकट शेंबूड. शेतात ट्रॅक्टरसाठी कॅनमध्ये ठेवलेलं डिझेल अडीनडीला गाडीत ओतलं असेल तर यातलं काहीतरी निघणारच. फिल्टर आणि पंपाच्या मधे वीतभर पारदर्शक पाईप टाकून गाडी चालू करा. बुडबुडे पळताना दिसले तर टाकीकडून कुठंतरी हवा ओढतेय. मग रिटर्न टेस्ट: चार नोझलांच्या रिटर्नला चार सारख्या बाटल्या लावून दोन मिनिटं गाडी चालवायची. एकच बाटली भराभर भरली तर नोझल कोणता ते कळलं. चारही सारख्या, पण रेलच्या रिलीफ व्हॉल्व्हचा रिटर्न ओला, तर डब्यानं केलेलं नुकसान हेच.

एक गोष्ट मात्र हात जोडून सांगतो. जुने फिटर गाडी चालू ठेवून नोझलचा नट ढिला करायचे, कोणता सिलिंडर मारत नाही ते बघायला. कॉमन रेलवर हे कधीही करू देऊ नका. तुमच्या मागच्या टायरात चार-पाच बार हवा असते, या पाईपात १६०० बारपर्यंत डिझेल असतं. ते कातडी फोडून आत शिरतं, वरून टाचणी टोचल्याएवढीच जखम दिसते, आणि बोट किंवा हात गमवायची वेळ येते. गळती हातानं चाचपायची नाही, पुठ्ठा धरून बघायची.

जादा पाट्यांबद्दल तुम्ही काही विचारलं नाही, तरी सांगतो. पाटे वाढवल्यानं हौदा बसत नाही, म्हणून माल जास्त भरला जातो. इंजिन, क्लच आणि ब्रेक मात्र कंपनीनं दिलेत तेवढेच. पासिंगपेक्षा टनभर जास्त पेंड घेऊन तुम्ही घाट चढत असाल तर निरोगी गाडीही दुसऱ्या गिअरमध्येच चढेल, त्याला बिघाड म्हणायचं नाही.

हे सगळं बीएस-४ साठी. एप्रिल २०२० नंतरची बीएस-६ गाडी असती तर धुराचा फिल्टर, त्याचे प्रेशर सेन्सर, काही गाड्यांत युरियाची टाकी, हे सगळं मधे आलं असतं आणि उत्तर वेगळं झालं असतं.

तर क्रम असा धरा: फ्रीझ फ्रेमचा फोटो, डबा बाहेर, कपलर आणि आर्थ, होज आणि व्हॅक्यूम, जुना एअर फिल्टर, नवा डिझेल फिल्टर. एका वेळी एकच गोष्ट बदला, वहीत लिहा, आणि मगच कोड उडवून तोच घाट, तेवढाच माल घेऊन चढा. शेजारी स्कॅनर धरायला दुसरा माणूस असू द्या, चालवताना स्वतः बघत बसू नका.

त्यानंतरही लाईट लागला तर मला सहा आकडे कळवा, डबा काढलेल्या गाडीचे: चावी ऑन-इंजिन बंद असताना मॅनिफोल्ड प्रेशर, घाटात पूर्ण रेसवर मागितलेला आणि मिळालेला रेल प्रेशर, तसाच मागितलेला आणि मिळालेला बूस्ट (टर्बोच्या हवेचा दाब), आणि सेल मारताना आर्थवरचा व्होल्ट. सोबत त्या परातीतल्या डिझेलचा एक फोटो टाका. टर्बो की पंप, ते त्यावरून बोलू.